वर्गाचा हिशेब मांडणारे जे. पी. नाईक

दरवर्षी ५ सप्टेंबरला देशभर शिक्षक दिन साजरा होतो. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या जयंतीचा हा दिवस. शाळाशाळांमधून समारंभ होतात, शिक्षकांना पुष्पगुच्छ दिले जातात, आदर्श शिक्षकांचे पुरस्कार जाहीर होतात. याच तारखेला, राधाकृष्णन यांच्यानंतर १९ वर्षांनी, आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेल्या दुसऱ्या एका शिक्षणतज्ज्ञाची आठवण मात्र त्या दिवशी फारशी कोणाला होत नाही. जयंत पांडुरंग नाईक हे त्यांचे नाव. शिक्षण क्षेत्रात ते जे. पी. नाईक या नावानेच ओळखले गेले.

शिक्षकाचा गौरव करणे सोपे असते. त्याच्या कामाची परिस्थिती बदलणे अवघड असते. नाईक यांनी आयुष्यभर हे दुसरे काम अंगावर घेतले. शाळेत काय घडते हे आधी मोजावे, तपासावे, त्याची कारणे शोधावीत आणि त्या आधारावर शिक्षकाचे प्रशिक्षण, वेतन, वर्गाची रचना व शासनाचे धोरण ठरवावे, असा त्यांचा आग्रह होता. आज ही गोष्ट स्वयंसिद्ध वाटेल. परंतु शिक्षणाविषयीचे निर्णय सवयीने, सोयीने किंवा तिजोरीकडे पाहून घेतले जाण्याच्या काळात हा आग्रह धरणे सोपे नव्हते.

खेड्यातून खेड्याकडे

नाईक यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे झाला. त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. पुढे त्यांनी जयंत पांडुरंग नाईक हे नाव धारण केले आणि तेच कायम राहिले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी उडी घेतली आणि तुरुंगवास भोगला. त्या पिढीतील अनेक तरुणांप्रमाणे सुटकेनंतर त्यांच्यापुढेही दोन वाटा होत्या. एक राजकारणाची आणि दुसरी रचनात्मक कार्याची. नाईक यांनी दुसरी वाट धरली. धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या गावी राहून त्यांनी ग्रामसुधारणेचे काम केले. गावची शाळा, गावचे आरोग्य आणि गावची शेती या तीन गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, हे त्यांनी पुस्तकात वाचण्यापूर्वी तेथे पाहिले.

शाळेच्या पटावर नाव असलेले मूल सुगीच्या दिवसांत शेतावर असते, मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळत घरी राहते, एकच मास्तर चार इयत्ता एकाच खोलीत सांभाळतो, हे चित्र त्या काळी सर्वत्र होते. शिक्षणखात्याच्या वार्षिक अहवालांत मात्र शाळांची संख्या, मुलांची संख्या आणि खर्चाची रक्कम एवढेच येत असे. या दोन चित्रांमधील अंतर हाच नाईक यांच्या पुढील अभ्यासाचा विषय ठरला. १९४२ मध्ये बडोदे संस्थानातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा त्यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला होता आणि १९०६ पासून तो संस्थानभर लागू केला होता. कायद्याने सक्ती केली म्हणजे मुले शाळेत टिकतातच असे नाही, हे समजून घेण्यासाठी एवढा जुना आणि एवढा मोठा प्रयोग देशात दुसरा नव्हता.

शंभरातील अठरा

नाईक यांच्या अभ्यासाची रीत समजून घ्यायची तर एका प्रसिद्ध आकड्यापाशी थांबावे लागते. १९२९ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हार्टोग समितीने आपला अहवाल दिला. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ १८ मुले होती, असे या समितीने दाखवून दिले. मुले शाळा अर्धवट सोडतात त्याला ‘गळती’ आणि एकाच इयत्तेत पुन:पुन्हा बसतात त्याला ‘स्थगिती’ असे शब्द पुढे मराठीत रूढ झाले. शिक्षणावरील बहुतेक पैसा वाया जात आहे, असा समितीच्या विवेचनाचा रोख होता. शाळांचा विस्तार करण्यापेक्षा आहेत त्या शाळा सुधाराव्यात आणि सक्तीची घाई करू नये, असा उपाय तिने सुचविला.

सय्यद नुरुल्ला यांच्या सहकार्याने नाईक यांनी ब्रिटिश काळातील भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ पुढे अनेक वर्षे अध्यापक महाविद्यालयांत अभ्यासला गेला. त्यात हार्टोग समितीच्या भूमिकेची कठोर चिकित्सा आहे. गुणवत्ता आणि विस्तार यांना एकमेकांचे शत्रू मानण्यास लेखकांनी नकार दिला. ज्या देशात बहुसंख्य मुलांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नाही, तेथे गुणवत्तेच्या नावाखाली विस्तार थांबविणे म्हणजे गरिबांची मुले बाहेर ठेवणे होय, अशी त्यांची धारणा होती. प्रत्यक्षात त्यानंतरच्या दशकात प्राथमिक शाळांची वाढ खुंटलीही.

या वादात एक महत्त्वाचा धडा होता. पहिलीच्या पटावरील शंभर मुलांत नव्याने दाखल झालेली मुले असतात, तशीच मागल्या वर्षी नापास झालेलीही असतात. वर्षभर केव्हाही नाव घालण्याची पद्धत असेल, तर परीक्षेच्या आधी दोन महिने आलेले मूलही त्यात मोजले जाते. तीन वर्षांनी चौथीत न दिसणारे प्रत्येक मूल शाळा सोडून गेलेले नसते. काही दुसरीत, तर काही अजून पहिलीतच असतात. आकडा खरा असला तरी त्याचा अर्थ चुकीचा लावला, तर धोरणही चुकते. संशोधन हवे, परंतु ते वाचण्याची शिस्तही हवी, हे नाईक यांनी त्या काळात शिकून घेतले.

गळतीची कारणे त्यांनी घरात शोधली तशी शाळेतही शोधली. दारिद्र्य हे मोठे कारण होतेच. परंतु सर्वाधिक मुले पहिलीतच का अडकतात, याचे उत्तर केवळ दारिद्र्यात सापडत नव्हते. पहिलीचा वर्ग सर्वांत मोठा असतो, त्यात निरनिराळ्या वयांची आणि तयारीची मुले एकत्र बसतात आणि अनेकदा तो वर्ग सर्वांत कमी अनुभवी शिक्षकाकडे सोपविला जातो. म्हणजे जेथे कुशल शिक्षकाची सर्वाधिक गरज, तेथेच तो नसतो. हे निदान कोणाही मुख्याध्यापकाला पटण्यासारखे होते आणि त्यावरील उपाय फार खर्चाचेही नव्हते.

एकशिक्षकी शाळांकडेही नाईक यांनी याच दृष्टीने पाहिले. अशी शाळा म्हणजे निव्वळ नाइलाज, असे समजून शिक्षणखाती तिच्याकडे दुर्लक्ष करीत. नाईक यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. लहान वस्त्यांच्या देशात अशा शाळा दीर्घकाळ राहणारच. तेव्हा त्या शिक्षकाला एकाच वेळी अनेक इयत्ता शिकविण्याचे तंत्र प्रशिक्षणातच दिले पाहिजे, हा त्यातील विचार. प्रशिक्षण विद्यालयात एका इयत्तेचा आदर्श पाठ घ्यायला शिकायचे आणि नोकरीत पहिल्याच दिवशी चार इयत्तांपुढे उभे राहायचे, ही विसंगती त्या काळच्या प्रत्येक खेड्यातील शिक्षकाने अनुभवलेली होती.

संस्था आणि सल्लागारपद

दरम्यानच्या काळात नाईक यांनी कोल्हापूर संस्थानच्या प्रशासनात विकासाचे काम पाहिले. १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्थेची, म्हणजेच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनची स्थापना झाली. शिक्षणावर पदव्युत्तर संशोधन करणारी ही संस्था नाईक यांच्या पुढाकारातून उभी राहिली. त्यानंतर भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथे १९५२ मध्ये सुरू झालेल्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. डोंगराळ, मागास भागात बालवाडीपासून ग्रामीण उच्च शिक्षणापर्यंतची साखळी एका ठिकाणी उभी करण्याचा हा प्रयत्न होता. मुंबईत संशोधन आणि गारगोटीत प्रयोग, अशी ही जोडी होती. चित्राताई नाईक यांचीही गारगोटीच्या कामात साथ होती. पुढे त्या महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक आणि नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या. विवाहानंतर या दोघांचे शिक्षणकार्य अखेरपर्यंत एकत्र चालले.

१९५९ पासून नाईक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार म्हणून दिल्लीत काम करू लागले. घटनेच्या ४५ व्या कलमानुसार १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची मुदत १९६० मध्ये संपत होती आणि ते उद्दिष्ट फार दूर होते. शिक्षणाचा समग्र विचार करण्याची वेळ आली होती.

कोठारी आयोग

१४ जुलै १९६४ च्या ठरावान्वये केंद्र सरकारने शिक्षण आयोग नेमला. तेव्हा महंमद करीम छागला शिक्षणमंत्री होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि पदार्थविज्ञानाचे नामवंत प्राध्यापक डॉ. दौलतसिंग कोठारी हे आयोगाचे अध्यक्ष, तर नाईक सदस्य-सचिव झाले. त्याआधीचे आयोग केवळ विद्यापीठांचा किंवा केवळ माध्यमिक शिक्षणाचा विचार करणारे होते. या आयोगाकडे बालवाडीपासून संशोधनापर्यंतचे सारे टप्पे सोपविण्यात आले होते.

आयोगाने १२ कृतिगट व ७ कार्यगट नेमले. सुमारे शंभर दिवस सदस्य राज्याराज्यांत हिंडले. शिक्षक, अधिकारी, पालक, विद्यार्थी, उद्योजक अशा सुमारे ९ हजार स्त्री-पुरुषांशी त्यांनी चर्चा केली. २,४०० हून अधिक निवेदने व टिपणे आयोगापुढे आली. हा सारा पसारा सांभाळून, माहितीतून निष्कर्ष आणि निष्कर्षांतून शिफारशी काढण्याचे काम सदस्य-सचिवाचे होते. २९ जून १९६६ रोजी अहवाल सादर झाला. त्याच्या मांडणीवर नाईक यांची छाप असल्याचे शिक्षणक्षेत्रात सर्वमान्य आहे.

गळती आणि स्थगितीवर आयोगाने दिलेले उपाय नाईक यांच्या आधीच्या अभ्यासाशी थेट नाते सांगतात. पहिली व दुसरी, आणि शक्य तेथे चौथीपर्यंतच्या इयत्ता, एकसंध धराव्यात. मुलाला पहिल्याच वर्षी नापास करून परत बसवू नये. प्रवेश वर्षाच्या आरंभी व्हावेत. पहिलीसाठी चांगले शिक्षक द्यावेत आणि खेळातून शिकवावे. कामावर जाणाऱ्या मोठ्या मुलांसाठी अर्धवेळ शिक्षणाची सोय असावी, असे हे उपाय होते.

शिक्षकाचा विचार

अहवालाचा गाभा मात्र शिक्षक हाच होता. शिक्षणाच्या दर्जावर परिणाम करणाऱ्या सर्व घटकांत शिक्षकाची योग्यता आयोगाने सर्वांत महत्त्वाची मानली. सरकारी असो, स्थानिक स्वराज्य संस्थेची असो वा खासगी असो, सर्व शाळांतील समान पात्रतेच्या शिक्षकांना समान वेतन मिळावे, प्राथमिक आणि विद्यापीठीय शिक्षकांच्या वेतनातील दरी कमी व्हावी, निवृत्तीनंतर त्यांना सुरक्षितता असावी, अशा शिफारशी आयोगाने केल्या.

परंतु वेतनवाढीबरोबर व्यावसायिक वाढीची जबाबदारीही त्यात होती. शिक्षक-प्रशिक्षण एकाकी पडले आहे, असे निदान आयोगाने केले. अध्यापक विद्यालयांचा विद्यापीठांशी संबंध नव्हता, शाळांशी नव्हता आणि एकमेकांशीही नव्हता. त्यामुळे संशोधन एका जागी, प्रशिक्षण दुसऱ्या जागी आणि वर्ग तिसऱ्याच जागी, अशी स्थिती होती. ही दरी बुजविण्यासाठी आयोगाने प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण दोन वर्षांचे करावे, प्रत्येक शिक्षकाला सेवेच्या दर पाच वर्षांत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, असे सुचविले.

‘शाळासमूह’ ही कल्पनाही याच विचारातून आली. एका माध्यमिक शाळेभोवतीच्या पाच-दहा मैलांतील प्राथमिक शाळा तिच्याशी जोडाव्यात. सारे मिळून ८० ते १०० शिक्षक होतील. त्यांनी नियमित भेटावे, ग्रंथालय व प्रयोगसाहित्य वाटून घ्यावे, अडचणींची चर्चा करावी, नव्या पद्धती करून पाहाव्यात. दूरच्या वाडीवरचा एकटा शिक्षक या रचनेमुळे व्यावसायिक समुदायाचा भाग होणार होता. वरून आलेले परिपत्रक वाचणारा शिक्षक आणि स्वत:च्या वर्गातील अनुभव तपासून पाहणारा शिक्षक यांतील फरक या कल्पनेत आहे. महाराष्ट्रात पुढे आलेल्या केंद्रशाळेच्या रचनेत या विचाराचा काही अंश दिसतो.

संशोधनाची व्यवस्था

१९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे पहिले अध्यक्ष आणि नाईक हे सदस्य-सचिव होते. गाडगीळ यांच्या पुण्यातील गोखले संस्थेने सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली होती. गावात जाऊन, घरे मोजून, माणसांना विचारून धोरण तपासण्याची परंपरा दोघांनाही जवळची होती. नाईक १९७८ पर्यंत या पदावर राहिले. संशोधनाला अनुदान देणे, झालेल्या संशोधनाचा आढावा घेणे आणि दिल्लीबाहेर प्रादेशिक केंद्रे उभारणे ही कामे या काळात आकाराला आली. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविण्यात आले.

आपल्याच अहवालाची तपासणी

नाईक यांच्या आयुष्यातील सर्वांत लक्षणीय भाग यानंतरचा आहे. १९७५ मध्ये समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन उद्दिष्टांवर त्यांनी पुस्तक लिहिले. या तिन्हींचा त्रिकोण साधण्यात भारतीय शिक्षणाला आलेले अपयश त्यांनी त्यात मांडले. तरुणपणी त्यांनी गुणवत्तेच्या नावाखाली संख्या रोखणाऱ्यांना विरोध केला होता. आता संख्या वाढत असताना गुणवत्ता आणि समता मागे पडत असल्याचे तेच दाखवीत होते. जवळ असलेल्या आकड्यांनी जे सांगितले, ते त्यांनी स्वीकारले.

कोठारी आयोगाच्या अहवालाचे पुढे काय झाले, याचा हिशेबही त्यांनीच मांडला. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अनेक शिफारशी स्वीकारल्या गेल्या. १०+२+३ ही रचना देशात आली. महाराष्ट्रात अकरावीची जुनी मॅट्रिक जाऊन १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली. शिक्षकांची वेतनेही सुधारली. परंतु शेजारच्या सर्व मुलांनी एकाच शाळेत शिकावे ही समान शाळेची शिफारस कागदावरच राहिली. शिक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.९ टक्क्यांवरून १९८५-८६ पर्यंत ६ टक्क्यांवर न्यावा, हे उद्दिष्ट आजवर गाठले गेलेले नाही. एकमेकींना आधार देणाऱ्या शिफारशी सुट्या केल्या गेल्या. त्यांतील सोयीच्या तेवढ्या उचलल्या गेल्या. वेतन वाढले, पण त्याच्या जोडीला यायचे सततचे शिक्षण, शाळासमूह आणि संशोधनाशी नाते हे मागे राहिले.

स्वत: लिहिलेल्या अहवालाचे समर्थन करीत बसणे नाईक यांना सहज शक्य होते. तसे न करता त्यांनी अंमलबजावणीतील अपयशाची आणि अहवालातील उणिवांचीही तपासणी केली. १९७६ मध्ये भारतीय शिक्षण संस्था पुण्यात नव्याने सुरू झाली होती. १९७८ नंतर नाईक यांचे लक्ष तेथील कामावर केंद्रित झाले. शाळेबाहेर राहिलेल्या, दिवसा गुरे राखणाऱ्या, घरकाम करणाऱ्या ग्रामीण मुलांसाठी, विशेषत: मुलींसाठी, रात्रीच्या अनौपचारिक वर्गांचा कृतिसंशोधन प्रकल्प संस्थेने १९७९ मध्ये पुणे जिल्ह्यात हाती घेतला. मुले वर्गात का येत नाहीत, हा प्रश्न त्यांनी उप्पिन बेटगेरीपासून बाळगला होता. त्यासाठी आता वर्गाचीच वेळ बदलून पाहिली जात होती. चित्राताईंनी हे काम पुढे अनेक वर्षे चालविले. आरोग्यसेवेच्या पर्यायी व्यवस्थेवरील ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा अहवालही १९८१ मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केला; त्याच्या सिद्धतेत नाईक यांचा मोठा सहभाग होता.

३० ऑगस्ट १९८१ रोजी पुण्यात नाईक यांचे निधन झाले. ७४ वर्षे पूर्ण होण्यास सहा दिवस उरले होते. शिक्षण आयोग आणि त्यानंतरची वाटचाल यावरील त्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात १९८२ मध्ये प्रकाशित झाले. युनेस्कोने जगातील शंभर शिक्षणविचारवंतांच्या चरित्रांची मालिका तयार केली, तेव्हा महात्मा गांधी आणि रवींद्रनाथ टागोर यांच्याबरोबर नाईक यांचाही तीत समावेश केला.

त्यांच्या निधनानंतर २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळासमूहाची कल्पना आणि ६ टक्के खर्चाचे उद्दिष्ट पुन्हा आले, शिक्षकांसाठी दरवर्षी ५० तासांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची तरतूद सुचविली गेली. महाराष्ट्रात मात्र २००० पासून नवा शिक्षक आधी तीन वर्षे ठरावीक मानधनावर ‘शिक्षणसेवक’ म्हणून काम करतो. शिक्षकी पेशाकडे हुशार तरुण यावेत म्हणून आयोगाने आरंभीच्या वेतनावर भर दिला होता, हे येथे आठवावे असे आहे.

नाईक यांच्या शिफारशी अर्धशतकानंतर पुन्हा नव्या म्हणून मांडल्या जातात, यात त्यांचा गौरव आहे आणि व्यवस्थेचे अपयशही. पुढच्या ५ सप्टेंबरला शाळेत पुष्पगुच्छ दिले जातील, तेव्हा त्या शाळेतील पहिलीचा वर्ग कोणाकडे आहे आणि त्यात किती मुले बसतात, एवढी चौकशी केली तरी नाईक यांच्या कामाची दिशा लक्षात येईल.